लेझर टॅग मोठ्यांनी वर्षभर छंद म्हणून खेळण्याजोगा आहे का?

तुम्ही विचारले आहे की लेझर टॅग, म्हणजे प्रकाशाच्या बंदुकीने एकमेकांच्या व्हेस्टवरचे (अंगात घातलेल्या जाकिटावरचे) सेन्सर टिपण्याचा खेळ, हा वाढदिवसाच्या मेजवानीपुरता आहे, की एखाद्या प्रौढ माणसाने तो छंद म्हणून वर्षभर खेळावा इतके त्यात काही आहे. आणि सोबत गट नसेल तर एकट्याने जाऊन तो खेळता येतो का. मी गेले वर्षभर हा खेळ नियमितपणे खेळते आहे, म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरे जरा सविस्तर देते. पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, नेमबाजी करायला मिळेल या अपेक्षेने जो येतो त्याचे मन दोन-तीन महिन्यांत उडते. आणि हा सारा खेळ वेळेचा व जागेचा आहे हे ज्याला उमगते, त्याला वर्ष पुरत नाही. मी दुसऱ्या प्रकारात मोडते, त्यामुळे पुढचे सारे त्या बाजूने लिहिले आहे असे समजून वाचावे.

आधी बंदुकीतून नेमके काय निघते ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचे पटणार नाही. नावात लेझर असला तरी बहुतेक यंत्रणांमध्ये ‘हिट’, म्हणजे समोरचा टिपला गेला हे, नोंदवणारा किरण लेझरचा नसतो. नळीत एक इन्फ्रारेड एलईडी आणि त्याच्यापुढे भिंग बसवलेले असते. ट्रिगर दाबला की तो एलईडी सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करत एक छोटा सांकेतिक संदेश पाठवतो, आणि त्या संदेशात खेळाडूचा क्रमांक व त्याची टीम हे दोन्ही असते. टीव्हीचा रिमोट याच तत्त्वावर चालतो. व्हेस्टवरचे सेन्सर ठरावीक गतीने उघडझाप करणारा प्रकाशच ओळखतात, त्यामुळे खोलीतले दिवे त्यांना फसवू शकत नाहीत, आणि कोणी कोणाला टिपले हे यंत्रणेला अचूक कळते. बंद मैदानात धुरातून सरसरत जाणारी लाल किंवा हिरवी रेघ ही मात्र खऱ्या लेझरची असते. ती नेमाचा अंदाज यावा आणि देखावा चांगला दिसावा एवढ्यासाठी असते. गुण मोजण्याशी तिचा संबंध नसतो.

नवख्या खेळाडूंची एक तक्रार प्रत्येक डावानंतर ऐकू येते: मी बरोबर त्याच्या छातीवर रेघ धरली होती, तरी हिट लागला नाही. तिचा उलगडा इथे आहे. रेघ आणि इन्फ्रारेडचा झोत हे दोन वेगळे प्रकाश आहेत, आणि ते एकमेकांशी तंतोतंत जुळलेले असतीलच असे नाही. शिवाय झोत शंकूसारखा पसरत जातो. दूरच्या खेळाडूपर्यंत पोहोचेतो तो रुंद झालेला असतो, त्यामुळे नेम थोडा हुकला तरी चालतो; अगदी जवळ मात्र तो अरुंद असतो, आणि रेघ अंगावर दिसत असूनही सेन्सर चुकतो. म्हणून जवळच्या झटापटीत अंगावर कुठेतरी रेघ धरण्यापेक्षा सेन्सरचा चमकता दिवा हेरून नेमका त्यावर रोख धरावा, ही सवय मला फार उपयोगी पडली. आरसे आणि गुळगुळीत फलक इन्फ्रारेड परावर्तित करतात, हेही लक्षात ठेवावे. काही मैदानांत आरसे मुद्दाम लावलेले असतात, आणि आडोशामागे गाफील बसलेल्याला तिथून टिपता येते. उघड्या मैदानातल्या खेळात सूर्यप्रकाशातच भरपूर इन्फ्रारेड असल्याने मोठी भिंगे आणि प्रकाश गाळणारे सेन्सर लागतात. तो जवळजवळ वेगळाच खेळ आहे, आणि माझा अनुभव मुख्यतः बंद मैदानाचा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. हिट लागला की व्हेस्टचे दिवे विझतात किंवा मंद होतात, आणि काही सेकंद तुमची बंदूक चालत नाही. ही मुदत यंत्रणेप्रमाणे आणि डावाच्या प्रकाराप्रमाणे कमी-अधिक असते. बहुतेक खेळाडू ती शिक्षा समजतात: जागच्या जागी उभे राहतात, बंदुकीकडे बघतात, नाहीतर आलेल्या वाटेने माघारी पळतात. वर्षभरात माझे ठाम मत झाले आहे की खेळाडूचा दर्जा ओळखायचा असेल तर तो गोळी झाडताना पाहू नये, दिवे विझलेले असताना तो काय करतो ते पाहावे. कारण त्या काही सेकंदांत, बहुतेक प्रकारांमध्ये, तुम्हाला कोणी टिपू शकत नाही. एरवी ज्या मोकळ्या पट्ट्यातून पाऊल टाकण्याची सोय नसते, तो पट्टा त्या वेळी तुमच्यासाठी खुला असतो. ज्याने टिपले त्याची जागाही तुम्हाला नुकतीच कळलेली असते. पुढचा आडोसा कोणता, तिथून त्याची बगल दिसेल का, आणि दिवे लागेपर्यंत चालत तिथे पोहोचता येईल का, हा हिशेब हिट लागण्यापूर्वीच डोक्यात तयार असला पाहिजे. हिट लागल्यावर विचार सुरू केला, तर निम्मी मुदत विचारातच संपते.

हाच हिशेब उलट्या बाजूनेही करावा लागतो. मी कोणाला टिपले की त्याचे दिवे केव्हा लागणार हे मला माहीत असते, आणि मी मनातल्या मनात आकडे मोजू लागते. त्याच वेळी दुसऱ्या कोणाशी गाठ पडली तरी पहिली मोजणी सुटता कामा नये. ही दुहेरी मोजणी सुरुवातीला अशक्य वाटते. पुढे ती अंगवळणी पडते, आणि मग मैदानावर कोण जागा आहे व कोण विझलेला आहे याचे चित्र न पाहता डोळ्यांसमोर राहते. त्यात आणखी एक बारकावा आहे. काही प्रकारांत मुदतीचा उत्तरार्ध असुरक्षित असतो: तुमची बंदूक अजून सुरू झालेली नसते, पण तुम्हाला पुन्हा टिपता मात्र येते. अशा डावात उघड्यावर चालत राहणे महागात पडते. पहिल्या काही सेकंदांत जागा गाठायची आणि उरलेल्या सेकंदांत अंग चोरून थांबायचे, असे त्या काळाचे दोन भाग करावे लागतात.

दोन भिडू मिळून खेळत असतील तर या सेकंदांचे महत्त्व दुप्पट होते. दोघांनी एकदम एका वाटेने घुसणे सर्वांत सोपे आणि सर्वांत वाईट, कारण दोघेही एकाच क्षणी विझतात आणि ती सगळी बाजू मोकळी पडते. एकाने पुढे जावे, हिट घ्यावा, समोरच्याची जागा उघडी पाडावी. दुसऱ्याने श्वासभर मागून येऊन त्या समोरच्याला टिपावे. तो विझलेला असताना पहिल्याचे दिवे लागतात आणि वाट दोघांच्या ताब्यात येते. हे कागदावर वाचायला साधे वाटते. प्रत्यक्षात अंधार, गोंगाट आणि धूर यांत ते जमवायला माणसे आठवड्यांमागून आठवडे एकत्र खेळलेली असावी लागतात. कोणाची चाल किती वेगाची, कोण घाबरून लवकर झाडतो, कोण ओरडून जागा सांगायला विसरतो, हे एकमेकांना ठाऊक असावे लागते. मला या खेळाचा खरा आनंद अशा जोडीने खेळण्यात मिळाला.

जागेबद्दल सांगायचे तर एकाच गोष्टीकडे जवळून पाहू: भिंतीचा कोपरा. नवखा खेळाडू भिंत संपते तिथे खांदा टेकवून उभा राहतो, कारण भिंत अंगाला लागली की सुरक्षित वाटते. वस्तुतः ती जागा वाईट आहे. कोपऱ्याच्या दोन बाजूंना दोघे उभे असतील, एक कडेपासून हातभर अंतरावर आणि दुसरा चार-पाच पावले मागे, तर मागे उभा असलेल्याला पुढच्याचा खांदा आधी दिसतो. भूमिती सरळ आहे. डोळा कडेपलीकडे पोहोचण्याआधी खांदा पलीकडे गेलेला असतो, आणि कडेच्या जितके जवळ उभे राहावे तितका हा बाहेर आलेला भाग समोरच्याच्या नजरेत जास्त भरतो. त्यात बंदूक पुढे ताणलेली असली तर नळी सर्वांत आधी बाहेर येते, आणि अनेक यंत्रणांत बंदुकीवरही सेन्सर असतो. म्हणून कडेपासून मागे सरकावे, कोपर अंगाशी घ्यावे, आणि मान न काढता पावलांनी, अर्ध्या-अर्ध्या पावलाने, कोपरा उघडत जावे. प्रत्येक अर्ध्या पावलाला पलीकडची एक अरुंद पट्टी नव्याने दिसते. तेवढीच तपासायची आणि मग पुढे सरकायचे. घाईच्या डावात हे फार संथ वाटेल, पण समोरच्याला तुम्ही दिसण्याआधी तो तुम्हाला दिसतो, यापेक्षा मोठा फायदा या खेळात दुसरा नाही.

याला जोडून हाताचा प्रश्न येतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याला आडोशाच्या उजव्या कडेने डोकावणे सोपे जाते. डाव्या कडेने डोकावताना त्याला बरेच अंग बाहेर काढावे लागते. मुरलेले खेळाडू हात बदलून खेळायला शिकतात. काही बंदुका दोन्ही हात ठरलेल्या जागी असल्याशिवाय चालतच नाहीत. ती सुरक्षिततेची सोय आहे, म्हणजे कोणी एका हाताने बंदूक फिरवत दुसऱ्याला लागू नये; पण तिच्यामुळे हात बदलायला एक क्षण जास्त जातो, आणि तो क्षण आडोशामागेच खर्च करावा. समोरचे खेळाडू कोणत्या हाताने खेळतात हे पहिल्या दोन मिनिटांत पाहून ठेवले, तर ते कोणत्या कडेने बाहेर येतील याचा अंदाज बांधता येतो.

डाव संपला की गुणतक्ता येतो: एकूण गुण, किती वेळा झाडले, त्यांतले किती लागले, कोणी कोणाला किती वेळा टिपले. सगळ्यांच्या नजरा आधी टक्केवारीकडे जातात, आणि माझ्या मते त्या तक्त्यातला तोच सर्वांत कमी कामाचा आकडा आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात डावभर बसून, खात्री असेल तेव्हाच झाडणाऱ्याची टक्केवारी उत्तम असते आणि त्याची टीम हरलेली असते. मला उपयोगी पडतो तो ‘कोणी कोणाला’ हा भाग. एखाद्याने मला वारंवार टिपले असेल आणि मी त्याला क्वचितच, तर तो डावभर कुठे उभा होता हे मी आठवते, जमल्यास त्यालाच विचारते. बहुतेक लोक मोकळेपणाने सांगतात. कित्येकदा ते मला मैदान रिकामे असताना आत नेऊन, कुठल्या फटीतून कुठला जिना दिसतो हेही दाखवतात. तक्त्यात न येणारी कामगिरीही असतेच. एखादी अरुंद वाट एकाच खेळाडूने अशी धरून ठेवावी की प्रतिस्पर्धी तिकडे फिरकूच नयेत. त्याला गुण कमी मिळतात, पण त्याच्यामुळे लांबच्या वाटेने येणाऱ्यांना इतर भिडू आरामात टिपतात. अशा खेळाडूचे कौतुक डावानंतर आवर्जून करावे, कारण यंत्र ते करत नाही.

तुम्ही ‘वर्षभर पुरेल इतके काही’ असे विचारले आहे, म्हणून खेळाचा पल्ला किती आहे हेही सांगते. हा खेळ चाळीस वर्षांहून जुना आहे. १९८४ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात जॉर्ज कार्टर यांनी ‘फोटॉन’ नावाचे केंद्र उघडले, आणि १९८६ मध्ये वर्ल्ड्स ऑफ वंडर या कंपनीच्या ‘लेझर टॅग’ खेळण्याने हे नाव घरोघरी नेले. अमेरिकी सैन्याने त्याच काळात ‘माइल्स’ ही सरावाची यंत्रणा वापरात आणली होती, आणि तिच्यात मात्र खरा, डोळ्यांना न दिसणारा लेझर असतो. सगळ्यांनी सगळ्यांना टिपायचे, दोन टीमनी एकमेकींचे बेस (ठाणी) फोडायचे, असे सोपे प्रकार सर्वत्र असतात. त्यापलीकडे भूमिका वाटून दिलेले प्रकार आहेत. लेझरफोर्स या ऑस्ट्रेलियन यंत्रणेतला ‘स्पेस मरीन्स ५’ हा त्यांतला प्रसिद्ध: टीममध्ये कमांडर, हेवी, स्काउट, अ‍ॅमो आणि मेडिक अशा पाच प्रकारचे खेळाडू असतात, गोळ्या आणि जीव मोजके असतात, अ‍ॅमो गोळ्या पुरवतो आणि मेडिक जीव. अशा डावात मेडिकला जपणे हे दहा हिट मारण्यापेक्षा मोलाचे ठरते. मला स्वतःला पुरवठ्याच्या भूमिका आवडतात. कोणाच्या गोळ्या संपत आल्या असतील, तो कुठल्या वाटेने मागे येईल, त्याआधी आपण तिथे कसे पोहोचू, हे सगळे आधी ओळखावे लागते, आणि जागा व वेळ या दोन्हींची कसोटी तिथे एकत्र लागते.

एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते, कारण मोठ्यांनी हा खेळ छंद म्हणून घेतला की ती जबाबदारी त्यांच्यावर येते. प्लास्टिकच्या छऱ्यांनी खेळायच्या एअरसॉफ्टसारख्या खेळात आपल्याला लागले हे खेळाडूने स्वतः कबूल करायचे असते. इथे ते यंत्र सांगते, त्यामुळे वाद कमी होतात. पण यंत्राला सगळे दिसत नाही. हाताने किंवा केसांनी सेन्सर झाकणे, विझलेल्या खेळाडूला चिकटून चालत त्याचे दिवे लागायची वाट पाहणे, अरुंद वाटेत अंगाने अडवणे, धावणे, हे सगळे मार्शलच्या (मैदानावर देखरेख करणाऱ्याच्या) नजरेआड घडू शकते. मैदानात अनेकदा पहिल्यांदाच आलेली मुले असतात. एखाद्या लहान मुलाचे दिवे लागले की लगेच, पुन्हा लागले की पुन्हा, असे त्याला टिपत राहणे नियमात बसते, गुणही मिळतात, आणि तरी ते करू नये असे मला ठामपणे वाटते. त्याला एकदा टिपावे आणि दुसरीकडे जावे. तो मुलगा मैदानाच्या मध्यापर्यंत पोहोचला, त्याने कोणाला तरी टिपले, तरच तो पुन्हा येईल. आमच्यातल्या चांगल्या खेळाडूंनी मुलांसाठी स्वतःवर बंधने घालून घेतलेली मी पाहिली आहेत, उदाहरणार्थ दुबळ्या हाताने खेळणे किंवा फक्त दूरवर उभ्या असलेल्या मोठ्यांनाच टिपणे, आणि त्यातून त्यांचा खेळही सुधारला.

शरीराबद्दल थोडक्यात. धावायला बहुधा मनाई असते, तरी सतत वाकणे, वळणे आणि भराभर चालणे यांमुळे मांड्या आणि कंबर चांगली कामाला लागतात, आणि व्हेस्टचा भार खांद्यांवर येतो. गुडघे नाजूक असतील तर उकिडवे बसण्यापेक्षा उंच आडोसे निवडावेत. मैदानातल्या अतिनील प्रकाशात पांढरे कपडे लख्ख उजळतात, कारण कपडे धुण्याच्या पावडरीतली चमक आणणारी द्रव्ये तो प्रकाश शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात. गडद कपडे घालावेत, आणि बुटांवर चमकत्या पट्ट्या नसाव्यात. डोळे अंधाराला सरावायला वेळ घेतात, म्हणून आत जाण्यापूर्वी फोनच्या पडद्याकडे बघत बसू नये. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी धुराबद्दल, आणि लखलखत्या दिव्यांनी ज्यांना अपस्माराचा झटका येऊ शकतो त्यांनी दिव्यांबद्दल, आधीच चौकशी करावी. दिसणारी लेझरची रेघ मुद्दाम कोणाच्या डोळ्यांवर कधीही धरू नये.

कंटाळा येतो का, याचे प्रामाणिक उत्तर ‘येतो’ असेच आहे. एकाच मैदानात फार काळ खेळले की प्रत्येक फट पाठ होते आणि डाव त्याच चार जागांभोवती फिरू लागतात. त्यावर दुसरे मैदान हा उत्तम उपाय. ते शक्य नसेल तर डावाचा प्रकार बदलावा किंवा अनोळखी भूमिका घ्यावी. उपकरणे सारखी नसणे हा मला जास्त खटकणारा भाग आहे. एखाद्या बंदुकीचे भिंग धुळकटलेले असते, एखाद्या व्हेस्टचा पाठीचा सेन्सर मंद असतो, आणि त्यावर निकाल फिरू शकतो. डाव सुरू होण्यापूर्वी एका भिडूकडून सगळे सेन्सर टिपून घ्यावेत आणि दोष दिसला तर लगेच सांगून व्हेस्ट बदलून घ्यावे. आपल्या फायद्याचा दोष असेल, म्हणजे आपला सेन्सर हिटच घेत नसेल, तरीही सांगावे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एकट्याने नक्की जाता येते. नियमित खेळाडूंसाठी वेगळी वेळ किंवा सदस्यांचे सत्र आहे का, हे आधी विचारावे. तिथे टीम जागेवर पाडतात आणि एकट्या माणसाला हमखास सामावून घेतात. मेजवानीच्या गर्दीच्या वेळी एकट्याने गेलात तर एखाद्या ओळखीच्या गटात उपरे पडण्याची शक्यता असते, आणि त्यावरून या खेळाचे मत बनवू नये. पहिल्या सत्रात गुणांची चिंता बाजूला ठेवून एखाद्या जुन्या खेळाडूच्या मागे चार पावलांवर राहावे, तो कुठे थांबतो आणि हिट लागल्यावर कुठल्या दिशेने निघतो एवढेच पाहावे, आणि डाव संपल्यावर त्याला त्याविषयी विचारावे. पुढच्या डावाला तोच तुम्हाला आपल्या टीममध्ये बोलावण्याची शक्यता बरीच असते.